जुना डेस्कटॉप दहा मिनिटांत बंद पडतो, साफ केला तरी महिन्याभरात पुन्हा तेच

बटण दाबलं की कॉम्प्युटर चालू होतो, विंडोज येतं, दहा-पंधरा मिनिटं काम होतं आणि मग कुठलाही संदेश न देता फटकन बंद. लगेच पुन्हा चालू केला तर या वेळी पाच मिनिटांतच बंद. अर्धा तास तसाच ठेवला की पुन्हा दहा मिनिटं मिळतात. एप्रिल-मेमध्ये हे दिवसातून चारदा होतं, डिसेंबरात जवळजवळ नाहीच. लक्षणं अशी जुळत असतील तर व्हायरस शोधत बसू नका आणि विंडोज नव्याने टाकण्यात रविवार घालवू नका. प्रोसेसर तापतोय.

कोअर २ ड्युओ किंवा दुसऱ्या पिढीच्या आय३सारखे इंटेलचे प्रोसेसर आतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की आधी स्वतःचा वेग कमी करतात. म्हणून बंद पडण्याआधी दोन-तीन मिनिटं माउस अडखळतो आणि व्हिडिओ तुटक दिसतो. त्यानंतरही उष्णता वाढतच राहिली तर मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’) वीज तोडतो. बऱ्याच जुन्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग प्रोग्रॅममध्ये, याहून खालची मर्यादा लावायची सोय असते, ८० किंवा ८५ अंश वगैरे. तिथे ‘डिसेबल्ड’ निवडून प्रश्न सुटला असं समजू नका, ताप तेवढाच राहतो.

पुढचं सगळं प्रामुख्याने २००६ ते २०१३ या काळातल्या घरगुती मशीनना लागू आहे: एलजीए ७७५ किंवा ११५५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा), जी३१, जी४१, एच६१ असे बोर्ड आणि प्रोसेसरसोबत आलेला चार प्लॅस्टिक पिनांचा गोल कूलर. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे वेगळा सांगितला आहे.

उघडण्याआधी खात्री करा

बंद होण्याच्या वेळेवरून बरंच कळतं. बटण दाबल्यावर बरोबर चार-पाच सेकंदांत बंद होत असेल तर तो बहुतेक वेळा तापाचा प्रश्न नसतो. पुढचं पॉवर बटण आत अडकून राहिलेलं असतं. बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतं, हा बोर्डाचा नेहमीचा नियमच आहे. बटण चिकट असेल तर बोट काढल्यावरही बोर्डाला ते दाबलेलंच वाटतं. टेबलाला धक्का लागला, दार आपटलं की बंद पडत असेल तर वायर किंवा एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, कनेक्टर सैल आहे. घरात फ्रिज किंवा मिक्सर सुरू झाला की रीस्टार्ट होत असेल तर वीज आणि एसएमपीएसकडे बघा.

मशीन थंड असताना चालू करा, डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा आणि ‘पीसी हेल्थ’ किंवा ‘हार्डवेअर मॉनिटर’ नावाचं पान उघडून पाच मिनिटं नुसतं बघत राहा. तापमान ४५ ते ५५वर जाऊन थांबलं तर कूलरचं बरं चाललंय. हळूहळू चढत ७०च्या पुढे गेलं तर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा, धुळीने तुंबला आहे किंवा त्या दोघांमधली थर्मल पेस्ट वाळली आहे. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच धावत ९०पर्यंत पोचलं तर हीटसिंक प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. हा शेवटचा प्रकार ‘नुकताच साफ केलेल्या’ मशीनमध्ये सर्रास दिसतो. त्याचं कारण पुढे येईल.

बायॉसमधला आकडा विंडोजमधल्या निवांत आकड्यापेक्षा थोडा जास्त असतो, कारण बायॉसच्या पानावर प्रोसेसर पूर्ण विश्रांती घेत नाही. विंडोजमध्ये बघायचं असेल तर कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू मॉनिटर हा प्रोग्रॅम पुरतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल, पण तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद केलं गेलं नव्हतं. ती उष्णतेचा पुरावा नाही आणि एसएमपीएसचाही नाही. त्या नोंदीवरून कोणी नवा एसएमपीएस घ्यायला सांगितलं तर जरा थांबा.

पुन्हा पुन्हा का होतं

घरी साफसफाई करताना कॅबिनेटचं झाकण काढतात, दिसेल ती धूळ ब्रशने झटकतात, पंख्याची पाती कापसाने पुसून लख्ख करतात आणि झाकण लावतात. मशीन महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खरी अडचण पंख्यावर नसते, पंख्याच्या खाली असते. हवा वरून खाली ढकलली जाते आणि हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या तोंडाशी धूळ अडते. केस, कापसाचे तंतू, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातली फोडणीची वाफ या सगळ्यांचा मिळून तिथे नमदा तयार होतो, अगदी गोधडीच्या आतल्या कापसासारखा. वरून बघितलं तर पंख्याच्या आड तो दिसत नाही. पंखा जोरात फिरतोय, आवाजही करतोय, पण हवा पट्ट्यांमधून जातच नाही.

वरून ब्लोअर मारला की या नमद्याचा वरचा थर उडतो आणि बाकीचा आणखी आत दाबला जातो. म्हणून महिनाभराचा आराम. खरी सफाई पंखा आणि हीटसिंक वेगळे केल्याशिवाय होत नाही.

काय लागेल

मध्यम आकाराचा फुलीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणि एक लहान चपट्या तोंडाचा. दीड-दोन इंची मऊ केसांचा नवा रंगाचा ब्रश. भिंतीला वापरलेला नको, त्यातून वाळलेल्या रंगाचे कण पडतात. थर्मल पेस्टची लहान ट्यूब. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात ते मागताना ‘आयपीए’ म्हणा. औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं चालतं, पण त्यात उरलेलं पाणी असतं, त्यामुळे सुकायला जास्त वेळ द्यावा लागतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, तो प्लॅस्टिक विरघळवतो. सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटणसेलही आणून ठेवा, पेटी एकदाच उघडायची आहे.

ब्लोअर असेल तर उत्तम. नसेल तर दुचाकीच्या हवेचा हातपंपही बऱ्यापैकी काम करतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे मात्र पेटी नेऊ नका. त्याचा दाब जास्त असतो आणि टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर बाहेर येतं. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं बोर्डाजवळ नेऊ नये, त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते. ब्रशने उडालेली धूळ फूटभर अंतरावरून ओढायला तो चालेल.

उघडताना

मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि वायर एसएमपीएसमधून उपसून काढा. नुसतं मशीन बंद करून चालत नाही. वायर जोडलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर बोर्डावर पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो, बऱ्याच बोर्डांवर त्याचा लहान दिवाही लागलेला दिसतो. वायर काढल्यावर पुढचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज उतरेल.

मागच्या सगळ्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो काढा. व्हीजीए केबलचे दोन्ही स्क्रू पूर्ण सैल करून मगच ओढा, नाहीतर बोर्डावरचा कनेक्टरच हलतो. पेटी गॅलरीत किंवा गच्चीवर न्या आणि फरशीवर किंवा लाकडी टेबलावर आडवी ठेवा. सतरंजी, ब्लँकेट, सोफा नको. समोरून पाहिल्यावर डाव्या हाताचं झाकण काढायचं. त्याचे दोन स्क्रू मागच्या कडेला असतात. ते काढून झाकण मागे सरकवलं की सुटतं. पत्र्याच्या कडा बोटं कापतात, स्वस्तातल्या कॅबिनेटमध्ये तर हमखास.

आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि काम करताना मधूनमधून लावत राहा. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, अंगात नायलॉनचा स्वेटर असेल तर याला फार महत्त्व आहे. पावसाळ्यात कोकणात स्थिर विजेची भीती कमी, पण तिथली दुखणी वेगळी आहेत.

आणखी दोन फोटो घ्या. एक संपूर्ण आतला, आणि दुसरा बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक पिनांचा, जिथे पॉवर बटण, रीसेट आणि दिव्यांच्या वायरी लागतात. त्या निघाल्या तर फोटोशिवाय पुन्हा लावणं म्हणजे डोकेदुखी.

धूळ

वरून खाली या. आधी एसएमपीएसची जाळी, मग मागचा पंखा, मग बोर्ड, शेवटी तळ. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो मूळ वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंग झिजतं आणि मोटर उलटी चालून बोर्डाकडे वीज ढकलते.

एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतात. बाहेरच्या जाळीतून हवा मारून दुसऱ्या बाजूने धूळ निघू द्या, एवढंच. त्याचा पंखा फिरतच नसेल तर ते काम दुरुस्तीवाल्याकडे द्या किंवा एसएमपीएस बदला.

मागचा पंखा हवा बाहेर फेकतोय ना, ते बघून घ्या. पंख्याच्या ज्या बाजूला आधाराचे दांडे आणि स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू कॅबिनेटच्या बाहेरच्या दिशेला हवी. आधी कोणी उलटा बसवला असेल तर दोन पंखे एकमेकांशी भांडत बसतात.

हीटसिंक काढणं

जुनी पेस्ट दगडासारखी झालेली असते. मशीन पाच मिनिटं चालवून बंद केलं असेल तर ती थोडी नरम पडते, म्हणून हे काम मशीन कोमट असताना करावं. आधी पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागेवरून काढा. कनेक्टर धरून ओढा, वायर धरून नाही.

इंटेलच्या कूलरच्या चार पिनांच्या काळ्या टोप्यांवर बाण कोरलेला असतो. चपट्या स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक टोपी बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवा आणि वर ओढा. चारही सुटल्या की हीटसिंक सरळ वर उपटायचा नाही. डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळत सैल करा, मग उचला. इंटेलचा प्रोसेसर धातूच्या चौकटीत अडकलेला असल्याने बरोबर येत नाही. एएमडीच्या एएम२, एएम३ सॉकेटमध्ये मात्र तो लॉक असूनही पिनांसकट उपसून येतो आणि पिना वाकतात. तिथे पिळताना अजिबात घाई करू नका.

आता पंख्याखाली बघा. नमदा चिमट्याने किंवा जुन्या टूथब्रशने सोलून काढा. पंखा क्लिपांनी बसवलेला असेल आणि सहज निघत असेल तर वेगळा करा. दहा-बारा वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, क्लिप कुरकुरली तर थांबा. पंखा निघाला आणि ॲल्युमिनियमवर तेलकट थर असेल तर भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात हीटसिंक सरळ धुवा, चांगला खळबळा आणि उन्हात पूर्ण वाळवा. पंखा पाण्यात घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

पंखा हाताने फिरवून बघा. चार-पाच वेढे घेऊन हळूहळू थांबला तर ठीक. खरखर करत झटकन थांबला तर मधला स्टिकर अर्धवट सोलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका, स्टिकर पुन्हा चिकटवा. खोबरेल तेल नको, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. तेल हा काही महिन्यांचा उपाय आहे, पंखा बदलायची तयारी ठेवा.

पेस्ट

प्रोसेसरच्या आणि हीटसिंकच्या पृष्ठभागावरची जुनी पेस्ट आयपीए लावलेल्या कापसाने किंवा सुती फडक्याने पुसा. धातू आरशासारखा दिसेपर्यंत तीन-चार बोळे लागतात. ब्लेडने खरवडू नका. प्रोसेसर सॉकेटमधून काढायची गरज नाही. इंटेलच्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक शेकडो पिना असतात, त्यांना कापसाचा तंतू अडकला तरी त्या वाकतात.

प्रोसेसरच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा. फार तर तुरीच्या. बोटाने पसरवायची गरज नाही, हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. दोन धातूंमधल्या सूक्ष्म खळग्यांतली हवा घालवणं एवढंच पेस्टचं काम असतं. जाड थर दिला तर ती उलट उष्णता अडवते. टूथपेस्टचा जुगाड दोन-चार दिवस चालतो, मग पाणी उडून खडू उरतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरला, म्हणजे बहुतेक कोअर २ ड्युओ आणि आय३-२१०० यांना, साधी पांढरी सिलिकॉन पेस्ट पुरते. महागडी घेऊन फार तर चार-पाच अंशांचा फरक पडेल. पेंटियम डी असेल तर गोष्ट वेगळी, त्यातले काही ९५ तर काही १३० वॅटचे आहेत.

चार पिना: इथेच सगळे फसतात

साफ केल्यावर मशीन आधीपेक्षा लवकर बंद पडायला लागलं, तर शंभरातल्या बहुतेक वेळा चारपैकी एक पिन नीट बसलेली नसते. तीन पिनांवर हीटसिंक वरून अगदी व्यवस्थित दिसतो, पण एका कोपऱ्यात कागद जाईल एवढी फट राहते.

१. चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणा आणि काळी पिन पूर्ण वर ओढून घ्या. ती अर्धी खाली असेल तर पांढरे पाय फाकलेले राहतात आणि भोकात जात नाहीत.

२. हीटसिंक ठेवण्याआधी पांढरे पाय बघा. टोकाला चीर असते, त्याचे दोन्ही भाग सरळ आणि शाबूत हवेत. एकही पाय चेपलेला किंवा तुटलेला असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. पिनांचा संच सुटा मिळतो.

३. चारही पाय चारही भोकांत आहेत हे वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून बघा. पंख्याची वायर कुठे खाली दबली नाही ना, तेही.

४. समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या दोन टोप्या एकदम दाबा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी. टक् असा स्पष्ट आवाज येतो. मग उरलेल्या दोन.

५. प्रत्येक टोपी वर ओढून बघा. निघाली तर ती बसलेलीच नव्हती. हीटसिंक धरून हलवा. तो हलला तर बोर्डासकट हलायला हवा.

दाबताना बोर्ड थोडा वाकतो, तेवढं चालतं. फारच वाकतोय असं वाटलं किंवा पिना बसल्या की नाही ते कळतच नसेल तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवून पिना बसवा. मागून बघितलं की प्रत्येक भोकातून दोन पांढरे दात आणि त्यांच्यामध्ये काळी पिन दिसली पाहिजे. याला अर्धा तास जास्त लागतो, पण शंका राहत नाही.

नवा कूलर घ्यायची वेळ आली तर सॉकेट सांगून घ्या. एलजीए ७७५ची भोकं ७२ मिलिमीटर अंतरावर आहेत, ११५५ची ७५. दिसायला दोन्ही कूलर सारखेच असतात, दुकानदारही कधी कधी चुकतो.

पंख्याची वायर परत लावायला विसरलात तर चालू करताना ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश येतो. एफ१ दाबून पुढे जाऊ नका.

साफ केल्यावर पडद्यावर काहीच नाही

पंखे फिरतात, पडदा काळा, आतून बीप. घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, हललेली असते. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये लांब बीप थांबून थांबून येतच राहिले तर रॅम. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. इंटेलच्या स्वतःच्या बोर्डांवर तीन बीप म्हणजे रॅम. मशीन चालू असताना अवॉर्डवर उंच आवाजाचे बीप सुरू झाले तर तो तापाचा इशारा आहे. बीप मुळीच नसेल तर बोर्डाला स्पीकर जोडलेला आहे का ते बघा, बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो दिलेलाच नसतो.

वायर काढून रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकला, पट्टी बाहेर काढा. सोनेरी कडेला बोट लावू नका. आयपीए लावलेल्या कापसाने कड पुसा, सुकू द्या. खोडरबर घासण्याची पद्धत सगळीकडे चालते आणि काम करतेही. पण सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि दर पावसाळ्यात घासला तर तो जातो. काळपट डाग अल्कोहोलने निघतच नसेल तरच पांढरा मऊ रबर, हलक्या हाताने, आणि बोर्डापासून लांब, म्हणजे चुरा स्लॉटमध्ये पडणार नाही. स्लॉटमध्ये कोरडा ब्रश फिरवा. पट्टी बसवताना मधली खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, खिट्ट्या आपोआप टक् करून बंद झाल्या पाहिजेत. आधी एकच पट्टी, पहिल्या स्लॉटमध्ये. चालली तर दुसरी.

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळच्या घरांत हा रॅमचा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. खारी दमट हवा संपर्कांवर थर चढवते, धूळ ओल धरते. उपाय फुकट आहे: जून ते सप्टेंबर वापर नसला तरी दोन-तीन दिवसांनी अर्धा तास मशीन चालू ठेवा, स्वतःच्याच उष्णतेने आतली ओल जाते.

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं आलं तर हार्ड डिस्कची लाल साटा केबल तपासा. जुन्या केबलना खिट्टी नसते, ब्रश फिरवतानाच्या धक्क्याने त्या अर्ध्या निसटतात. दोन्ही टोकं काढून पुन्हा दाबा. आणि मशीन मुळीच चालू होत नसेल तर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा बारा व्होल्टचा कनेक्टर लावला आहे ना, ते आधी बघा. बोर्डाखाली पडलेला स्क्रूही असं करतो. कॅबिनेट तिरकं करून हलवलं की त्याचा आवाज येतो.

बटणसेल

घड्याळ मागे पडतंय, दर वेळी तारीख बोर्डाच्या जन्मवर्षावर जाते आणि ब्राउझर सगळ्या साइटना असुरक्षित म्हणतो, तर सीआर२०३२ संपला आहे. बदलायला एक मिनिट लागतं. पण आधी बायॉसमध्ये जाऊन साटाचा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई आहे की एएचसीआय, याचा फोटो काढा. सेल काढला की बायॉस मूळ सेटिंगवर जातं आणि मोड बदलला तर विंडोज एक्सपी किंवा ७ सुरू होताना ७बी कोडचा निळा पडदा येतो. लोक हार्ड डिस्क गेली म्हणून विंडोज पुन्हा टाकतात, प्रत्यक्षात मोड परत जुळवला की सगळं जागेवर असतं.

सगळं करूनही बंद पडत असेल

प्रोसेसरभोवतीचे गोल कपॅसिटर बघा. डोक्यावर फुलीची किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खूण असते, ते डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी द्रव आलेला असेल तर पेस्ट कितीही बदला, उपयोग नाही. विशेषतः २०००च्या दशकातल्या बोर्डांमध्ये हा दोष खूप आढळतो. त्याच व्होल्टचे आणि त्याच मायक्रोफॅरडचे लो-ईएसआर कपॅसिटर चांगला दुरुस्तीवाला बदलून देतो.

तापमान ६०च्या आत असूनही बंद पडत असेल तर एसएमपीएस. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, मशीन चालू असताना मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरवर काळी आणि पिवळी वायर मोजा: ११.४ ते १२.६च्या मध्ये हवं. काळी आणि लाल: ४.७५ ते ५.२५. व्हिडिओ लावून पुन्हा मोजा. ताण पडल्यावर पिवळी ११.४च्या खाली उतरली तर एसएमपीएस बदला. मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना लागू देऊ नका.

पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो बिघाड मशीनमध्ये नाही, भिंतीत आहे. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर थोडा प्रवाह अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग जोडलेलंच नसेल तर तो पत्र्यावर राहतो. दोन पिनांच्या ॲडाप्टरमधून मशीन चालवणाऱ्या घरांत हे नेहमीचं आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

परत धूळ कमी बसावी म्हणून

दार असलेल्या कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात पेटी ठेवली असेल तर दार काढूनच टाका. तिथे तीच गरम हवा फिरत राहते. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. पेटी जमिनीवर असेल तर पाटावर किंवा दोन विटांवर ठेवा, झाडू मारताना उडणारी धूळ सगळ्यात जास्त खालच्या अर्ध्या फुटात असते. चालू मशीनवर कापडी कव्हर नको. पुढच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावता येतो, पण तो दर पंधरा दिवसांनी झटकणार असाल तरच, नाहीतर नमदा आत होण्याऐवजी बाहेर होईल.

नुसता ब्रश वर्षातून तीनदा पुरे, त्यातली एक वेळ दिवाळीच्या आवराआवरीत सहज बसते. हीटसिंक मात्र दर वेळी उपसू नका. एकदा नीट बसला आणि तापमान ठीक असलं की दोन-तीन वर्षं हात लावायची गरज नाही. दर वेळी काढला की पिना झिजतात आणि पेस्टही नव्याने लावावी लागते.

मागच्या बाजूला कार्डांच्या जागेवरच्या पत्र्याच्या पट्ट्या गायब असतील तर त्या बसवा, मिळत नसतील तर जाड पुठ्ठा कापून बाहेरून चिकटवा. त्या फटीतून पाली आत जातात आणि ऊब शोधत बोर्डावर नाहीतर एसएमपीएसमध्ये मरून शॉर्ट करतात.

झाकण लावण्याआधी मशीन उघडंच ठेवून अर्धा तास चालवा, त्यातली दहा मिनिटं एखादा जड व्हिडिओ लावून. तापमान लिहून ठेवा. मग झाकण लावून पुन्हा अर्धा तास. झाकण लावल्यावर पाच-सात अंश वाढणं ठीक, पंधरा-वीस वाढलं तर मागचा पंखा हवा बाहेर टाकत नाहीये.